नवरा डॉक्टर होतोय... मातीचा!

शिल्पकाराला पीएचडी कशाला हवी? गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला कंपनीच्या बसमध्ये विचारला गेलाय, सोसायटीच्या गणपतीत विचारला गेलाय, आणि एकदा तर चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना कॅबवाल्या काकांनीही विचारलाय. त्यावरचा ठरलेला जोक, 'डॉक्टर झाल्यावर गोळ्या देणार का?' हा तर मी आता समोरच्याच्या आधी स्वतःच मारून मोकळी होते.

तर माझा नवरा शिल्पकार. म्हणजे डिग्र्या शिल्पकलेच्या, बीएफए, एमएफए वगैरे, आणि नोकरी गाड्यांच्या डिझाइन स्टुडिओत क्ले मॉडेलरची. वय ३४. मोशीत टू बीएचके, त्याचा हप्ता. अशा सगळ्या व्यवस्थित चाललेल्या संसारात त्याला आता पीएचडी करायचीय. तीही दुसऱ्या कुणाच्या शिल्पांवर नाही, स्वतःच्या कामावर, स्वतःच्या हातांनी काम करत करत. "म्हणजे स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच सोडवायचा?" सासूबाईंनी विचारलं. आईंना कल्पना नाही, पण या एका प्रश्नावर जगभरातले प्रोफेसर कित्येक वर्षं भांडतायत.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये १९९३ साली ख्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी एक छोटासा निबंध लिहिला. कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन आणि कलेतून संशोधन अशा तीन वाटा त्यांनी मांडल्या. पहिली आपल्याला माहीत असते. राजा रविवर्म्यावर चारशे पानं लिहा, बाइंडिंग करा, डॉक्टर व्हा. भांडण आहे ते 'कलेतून'वर. चित्र काढता काढता जे कळतं, ते 'ज्ञान' म्हणून विद्यापीठाने मान्य करायचं का? ब्रिटन-ऑस्ट्रेलियाने करून टाकलं. तिथे कलाकृती आणि सोबत त्यामागचा शोध सांगणारं लिखाण असं दोन्ही मिळून तपासतात. अमेरिकेत अजूनही बऱ्याच अंशी एमएफए झालं की झालं, पुढे काही नको. आणि जपानचा ताकाशी मुराकामी, ज्याच्या रंगीबेरंगी डिझाइनच्या लुई व्हितॉंच्या बॅगा २००३ मध्ये जगभर गाजल्या, तो १९९३ चा पीएचडी आहे, निहोंगा या पारंपरिक जपानी चित्रशैलीतला. बॅग हातात घेऊन मिरवणाऱ्या कितीजणींना हे माहीत असेल?

आता आमच्या घरचा 'शोध' काय आहे ते सांगते. गाडीचं पूर्ण आकाराचं मॉडेल आजही मातीत बनतं. कुंभाराची माती नाही, मेण-तेलाची तपकिरी क्ले. ती साठेक डिग्रीला गरम करायची, फोमच्या सांगाड्यावर थापायची. मग मशीन येऊन कॉम्प्युटरमधल्या आकाराबरहुकूम ती कापतं. एवढं झाल्यावर माणसाची गरज काय? तर मॉडेलर त्यावरून तळवा फिरवतो आणि म्हणतो, इथे मेलंय. आकडे बरोबर असतात, पण उजेड त्या वळणावरून वाहत नाही, अडखळतो. मग वर चंदेरी फिल्म ताणून बसवली की तो अडखळलेला उजेड सगळ्यांना दिसतो. नवऱ्याला मात्र आधीच कळलेलं असतं. डोळे मिटून.

"मला हे कसं कळतं?" हा त्याचा प्रश्न. बस्स, एवढाच.

पण ऑफिसच्या मॉडेलवर तो काही करू शकत नाही. गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो. बाजारात यायची असलेली गाडी, तिचा फोटो प्रबंधात कसा छापणार? मग त्याने भंगारवाल्यांकडून जुन्या चेतकची साइड कव्हर्स गोळा करायला सुरुवात केली. चेतक १९७२ मध्ये आली आणि आकुर्डीने ती घराघरात पोचवली, त्यामुळे आपल्या भागात या पत्र्यांना तोटा नाही. प्रत्येकाला वेगळा पोचा आलेला, कुणी तरी डेंटिंगवाल्याने ठोकून काढलेला. त्या पोच्यांवरून तो डोळ्याला पट्टी बांधून हात फिरवतो आणि जे हाताला कळलं तेच मातीत करतो. मग पट्टी काढून दुसऱ्यांदा, बघून. मग दोन्ही शेजारी ठेवतो. अशी अकरा कव्हर्स सध्या आमच्या हॉलच्या भिंतीवर आहेत, जिथे मला एलईडी पॅनेल करायचं होतं.

पहिल्यांदा मीही वैतागले होते. पण मी क्वालिटीत काम करते हो! आमच्याकडे एक पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारून मूळ कारणापर्यंत जावं लागतं. आणि भोसरीतल्या पॅटर्नमेकर मंडळींना मी बघितलंय. ओतकाम थंड होताना आकसणार, म्हणून साचा किती मोठा ठेवायचा याचा तक्ता असतो, पण या पार्टला इथे थोडं जास्त, तिथे थोडं कमी, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. तो माणूस रिटायर होतो, सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि सोमवारपासून रिजेक्शन वाढतं. आपला अख्खा इंडस्ट्रियल बेल्ट असल्या न लिहिलेल्या अकलेवर चालतो. ती कुणीतरी शब्दांत पकडायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला तीन वर्षं द्यायला काय हरकत आहे, असं मला वाटायला लागलं.

एका विद्यापीठात इंटरव्ह्यू झाला. पॅनेलवरच्या सरांनी विचारलं, "सॅम्पल साइज किती?" नवरा म्हणाला, "एक. मी." त्यानंतरची शांतता त्याने मला घरी करून दाखवली! नियमांत तर आणखीनच मजा. प्रबंधाला प्लॅजिअरिझम चेक लागतो. आता ठोकलेल्या पत्र्याला तो कसा लावायचा बुवा?

आणि प्रॅक्टिकल फायद्याचं म्हणाल, तर फार नाही. जेआरएफची वयोमर्यादा तो ओलांडून बसलाय, म्हणजे फेलोशिपचे ३७ हजार विसरा. असिस्टंट प्रोफेसर व्हायला जुलै २०२३ पासून पीएचडी सक्तीची नाही, नेट-सेट चालते. त्यापुढे प्रमोशनला मात्र लागतेच. मला भीती आहे ती याचीच. उद्या प्रत्येक कला महाविद्यालयातला मास्तर प्रमोशनसाठी 'कलेतून संशोधन' करायला लागला, तर चित्रं कमी आणि जड जड शब्द जास्त, असा माल निघेल. कॅटलॉगमधली ती भाषा तुम्ही वाचली असेलच.

नवऱ्याशी यावर भांडले तेव्हा मी प्रभाकर बरव्यांचं नाव काढलं. बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये वर्षानुवर्षं नोकरी करत होते. म्हणजे आपल्यासारखेच पगारी! त्या काळात ते चित्रं काढत होते आणि डायऱ्या लिहीत होते. चित्र सुचतं कसं, वस्तू आणि अवकाश यांचं नातं काय, याचा त्यांनी मराठीत शोध घेतला. १९९० मध्ये 'कोरा कॅनव्हास' आलं. गाइड नाही, व्हायवा नाही, सॅम्पल साइज एक. १९९५ मध्ये ते गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. मग तुला कशाला हवाय शिक्का?

तो म्हणाला, "बरवे बरवे होते. मला रोज विचारणारं कुणीतरी हवंय. नाहीतर दोन वर्षांनी ही कव्हर्स तूच भंगारात देशील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तारीखसुद्धा माझ्या मनात होती.

तेव्हा ठरलंय ते असं. नोकरी सोडायची नाही. २०२२ च्या नियमांनुसार पार्ट टाइम पीएचडी करता येते, फक्त कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. जास्तीत जास्त सहा वर्षं. हप्ता चालू राहील, हॉलही तसाच राहील, आणि शनिवार-रविवारचे सिनेमे मी मैत्रिणींबरोबर बघेन.

ना-हरकतचा अर्ज दोन महिने एचआरकडे होता, आता तो लीगलकडे गेलाय. लीगलची शंका अशी, की घरच्या संशोधनात उमेदवार कंपनीत मिळवलेलं कौशल्य वापरणार नाही, याची हमी काय? नवऱ्याने पाच वेळा उत्तर लिहिलं आणि खोडलं. शेवटी पाठवलं ते एका ओळीचं आहे: 'हात दोनच आहेत, तेच दोन्हीकडे नेतो.' उत्तर यायचंय. दरम्यान बारावं कव्हर आलंय, मागच्या बाजूने पूर्ण गंजलेलं, आणि आईंनी त्याच्याखाली स्वतःहून जुना पेपर अंथरलाय.