बागेचा भाव

गेल्या पोळ्याला आम्ही सौंसरास होतो. वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आमचे बालपण नागपुरास गेले, आणि थोरली बहीण दिली ती सौंसरजवळच्या एका खेड्यात, संत्र्याच्या बागाईतदाराकडे. पुढे आम्ही किनाऱ्यावर स्थायिक झालो. ताई मात्र तिकडचीच झाली.

आमच्या बहुतेक वाचकांस हा मुलूख परका असेल. नागपुराहून छिंदवाड्यास जाताना वाटेत सौंसर लागते; इटारसीच्या लोहमार्गावर पांढुर्णा आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्या वेळी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे मराठी तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचाच पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी आणि माजघरात मराठी, असा तेथला व्यवहार आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवर होणारी पांढुर्ण्याची गोटमार वर्तमानपत्रांतून सर्वांस ठाऊक असते. पण त्या भूमीची खरी ओळख म्हणजे कापूस आणि संत्रा.

ह्या भेटीला आम्ही काहीशा अपराधी मनाने गेलो होतो. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

संत्र्याची बाग तेथे बहुधा झाडावरच विकली जाते. आंबिया बहाराची फळे हिरवी असतानाच, श्रावणाच्या सुमारास, व्यापारी येतो, झाडांमधून फिरतो, फळांचा नजरअंदाज घेतो, एकरकमी सौदा ठरवतो आणि इसार देतो. पुढची तोडणी, मजूर, गाडी, सारे त्याचे. २०२२ च्या श्रावणात आम्ही तेथे असताना असाच एक व्यापारी आला. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही भाऊजींना बाजूला घेतले, खिशातला फोन काढला आणि नागपूरच्या कळमना बाजारातला भाव त्यांच्यापुढे धरला. मधला फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. "भाऊजी, हा तुम्हांला उघड फसवतो आहे," असे आम्ही म्हणालो. शहरातला शिकलेला मेहुणा म्हणतो आहे, तेव्हा मोडता घालणे भाऊजींना जड गेले असावे. व्यापारी परत गेला.

त्यानंतर भाद्रपदात पाऊस थांबेना. झाडाखाली पिवळ्या पडलेल्या फळांचा सडा रोज पडू लागला. अर्धी बाग अशी गळाली. उरलेला माल भाऊजींनी स्वतः मजूर लावून तोडला आणि टेम्पोने कळमन्यास नेला. त्या दिवशी आवक दांडगी होती. फोनवर दिसलेला भाव ते पोहोचेपर्यंत तेथे राहिला नव्हता. हमाली, तोलाई, भाडे वजा जाता हातात आले ते इसाराहून फारसे अधिक नव्हते. त्या वर्षी भाचीच्या महाविद्यालयाच्या फीसाठी ताईच्या पाटल्या गहाण पडल्या. ह्याविषयी त्या घरात आम्हांस कोणी एका शब्दानेही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

आमची चूक कोठे झाली हे समजून घेण्यासाठी आम्ही पुढे अर्थशास्त्रज्ञांचे लेखन चाळू लागलो. फोन, संगणक आणि त्यांनी बदललेला व्यापार ह्यांवर गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे, आणि त्यातले काही आपल्या अंगणातले आहे. रॉबर्ट जेन्सन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर, कासारगोडपासून खाली कोळिकोडपर्यंत, तारल्यांच्या बाजाराचा अभ्यास केला. त्याचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या कोंकणी वाचकांस तारल्यांची महती सांगावयास नको, आणि ती किती लवकर नासतात हेही. १९९७ पासून त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल फोन आले. त्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागे, आणि शेजारच्या बंदरावर मासळी नाही म्हणून गिऱ्हाईक रिकाम्या टोपल्यांनी परते. शेकडा पाच ते आठ इतकी मासळी अशी वाया जात होती. फोन आल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यास मासळी चार टक्क्यांनी स्वस्त झाली. दोघांचाही लाभ, असे अर्थशास्त्रात क्वचितच पाहावयास मिळते.

आम्ही भाऊजींपुढे फोन धरला तेव्हा आमच्या मनात असेच काही चित्र होते. पण होडी समुद्रात असताना नाखवा सुकाणू फिरवून दुसऱ्या बंदराला लागू शकतो. बाग जागची हलत नाही.

ह्याच मध्य प्रदेशातले एक उदाहरण आहे. सोयाबीनच्या पट्ट्यात आय.टी.सी. कंपनीने २००० सालापासून खेड्यांत संगणक बसवले. त्यांस ई-चौपाल म्हणतात. तेथे शेतकऱ्यास मंडीचा भाव कळू लागला. अपराजिता गोयल ह्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ह्या चौपालांमुळे आसपासच्या मंड्यांतील सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढला. मात्र येथे भावाबरोबर गिऱ्हाईकही आले होते, कारण ती कंपनी स्वतः माल घेत होती. नुसताच भाव कळला तर काय होते, हे महाराष्ट्रातील १०० गावांत पाहण्यात आले. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन ह्या दोघांनी तेथील शेतकऱ्यांस फोनवर बाजारभाव व हवामान कळवण्याच्या सेवेचा परिणाम तपासला. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा की, शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात सरासरीने काही लक्षणीय फरक पडला नाही.

हे वाचून आम्हांस भाऊजींचे एक वाक्य आठवले. त्या श्रावणात ते सहज म्हणाले होते, "बापू, भाव तं रोजच दिसते. भाव पाहून फी भरता येते का?" आम्ही ते ऐकून सोडून दिले होते. व्यापारी जी रक्कम कापून घेतो तिच्यात त्याची लबाडी किती, आणि गारपिटीचा, फळगळीचा, पडत्या बाजाराचा धोका अंगावर घेण्याचे मोल किती, हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. भाऊजींनी तो मनातल्या मनात पूर्वीच केलेला होता. शिवाय इसार म्हणजे ऐन निकडीच्या वेळची रोकड. बँकेचे किसान क्रेडिट कार्ड त्यांच्यापाशी आहे, पण ते खताफवारणीतच संपते.

गेल्या पोळ्याच्या मुक्कामात ताईबरोबर जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन घेतले. पहुडलेली ती मूर्ती लहानपणी पाहिली होती. वाटेत नारळ घेताना ताईने फोनवरून पैसे दिले. दुकानातली पेटी मोठ्याने रक्कम बोलली. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या आणि लोक ह्या मार्गाला लागले. जेथे रोकडीची टंचाई अधिक, तेथे ही सवय अधिक लवकर रुजली आणि नोटा परत आल्यावरही टिकली, असे संशोधक सांगतात. पण दानपेटीत टाकण्यासाठी ताईने पदराच्या गाठीत नोट जपून आणली होती. फोनवरून दिलेल्या दानाला नाव चिकटते, मग ते गुप्तदान कसले, असे तिचे म्हणणे. आम्हांस ते पटले.

त्या नारळवाल्याला मात्र नाव चिकटलेलेच हवे आहे. पेटीत जमा होणाऱ्या रोजच्या रकमांची नोंद दाखवून कर्ज मागता येते, असे तो उत्साहाने सांगत होता. परतताना आमच्या मनात आले, भाऊजींची नोंद कोठे आहे? तीस वर्षे ते संत्रा पिकवीत आहेत. इसार रोखीने मिळतो; कळमन्यास मालाची विक्री होते ती व्यापाऱ्याच्या नावाने. ह्या नव्या यंत्राच्या लेखी ती बाग व्यापाऱ्याची आहे. फोन घरोघर आले म्हणून हे आपोआप बदलणार नाही, आणि भाव दाखवणाऱ्यांस, आमच्यासारख्यांस, ते दिसतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. २०२२ साली आला होता तोच. आम्ही ह्या खेपेस ओसरीवर न बसता मुद्दाम गोठ्याकडे गेलो. सौदा झाला. मग भाऊजींनी इसार खात्यावर टाकावयास सांगितले आणि त्यात बागेचा उल्लेख करावा म्हणाले. व्यापारी जरा थबकला. आजवर असे कोणी मागितले नव्हते, शिवाय त्यालाही आपल्या सोयी असतात. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी अर्धी रक्कम खात्यावर, अर्धी रोख, असे ठरले.

रात्री जेवणे झाल्यावर ताई फोन घेऊन आमच्याकडे आली आणि ती नोंद दाखवून विचारू लागली, "ह्यात संत्रा असं कुठं लिवलं हाय, दाखव बरं." चष्मा लावून आम्ही ते अक्षर तिला शोधून दिले.