धर्मादा नव्हे, देणे

कापसाच्या हंगामात अकोला-अमरावतीकडील जिनिंग रात्रंदिवस चालतात. अशाच एखाद्या रात्री कामगाराचा हात यंत्रात सापडतो. शेठजी धावत येतात, रुग्णालयाचे बिल भरतात, घरच्यांच्या हाती काही हजार ठेवतात. मुनीम ती रक्कम धर्मादा खात्यात लिहितो आणि सर्वांनाच पुण्य घडल्यासारखे वाटते.

कायदा मात्र त्यास देणे मानतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने घालून दिलेले हे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. जेथे ईएसआय लागू नाही, तेथे कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावयाची. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के घटली असे धरतात आणि वेतन व वय पाहून रक्कम काढतात. औषधोपचाराचा खर्च त्यातून वजा होत नाही. ‘माझा काही दावा नाही’ असे लिहून घेतल्याने हक्क बुडत नाही. महिनाभर देणे थकले, तर त्यावर व्याजही चढते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध सांगितला आहे. कमावता हात गेलेल्याची भरपाई अडवून धरणे म्हणजे त्याच्या घरची चूल अडवणेच होय. म्हणून दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी ती रक्कम धर्मादा खात्यातून काढून कामगाराच्या खाती जमा धरावी आणि पूर्ण फेडावी. दान त्यानंतर.