तंटा चालू, बांधकाम चालू

थळच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिलं की आधी बसकी उंदेरी नजरेत येते, तिच्या पलीकडे दोन टेकाडांची खांदेरी. तिथे ना शेती, ना बाजार. पण मुंबई बंदराच्या वाटेवर ती अशी बसली आहे की आतबाहेर करणारं शीड तिच्या नजरेतून सुटू नये. भांडणाचं मूळ एवढंच.

ऑगस्ट १६७९. शिवाजी महाराजांचा आरमारी अधिकारी मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन खांदेरीवर उतरला, तटाचं काम सुरू झालं. मुंबईकर इंग्रजांनी निरोप धाडला: बेट आमचं, मुकाट्याने चालते व्हा. मायनाकचं उत्तर मला फार आवडतं. धन्याचा हुकूम आल्याखेरीज हलता येत नाही, असं त्याने कळवलं. ना हुज्जत, ना तोंडावर नकार. हक्काचा प्रश्न महाराजांकडे टोलवला आणि इकडे दगडावर दगड चढतच राहिला. मुरलेल्या वकिलालाही इतकं नेमकं बोलणं साधेलच असं नाही.

इंग्रजांनी बेटाला पहारा बसवला. त्यांची जहाजं मोठी. वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या नेमक्या तेव्हाच, काळोखात, त्यांना चुकवून रसद पोचवत. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान नागावकडून आरमार घेऊन चालून आला. इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ मात्र नेटाने झुंजलं. (ही लढाई सांगताना आपण ‘रिव्हेंज’ला गाळून टाकतो. ते मला पटत नाही. लढणाऱ्या शत्रूला हटवण्यात मोठेपणा आहे.)

शेवटी इंग्रजांना भारी पडली ती खर्चाची वही. कंपनीचे सुरतेतले वरिष्ठ गलबतांच्या भाड्याला आणि पगाराला वैतागले. मुंबईची चूल पेटायची ती समोरच्या मुलखातून येणाऱ्या लाकूडफाट्यावर, आणि तो मुलूख महाराजांचा. त्यात कल्याण-भिवंडीकडे मराठी फौज जमल्याची बातमी आली. व्यापारी माणूस अशा वेळी मान ताठ ठेवून बसत नाही. मदतीला म्हणून आलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीने तर जानेवारी १६८० मध्ये उंदेरी बळकावून तिथे आपलाच तट उभारायला घेतला. इंग्रजांचा दोस्त त्यांच्याच दारात ठाण मांडून बसला! मार्चमध्ये तह झाला, खांदेरी मराठ्यांकडे राहिली. ३ एप्रिलला महाराज गेले.

तटाच्या बाहेर आजही सुट्या दगडांची रास पसरलेली आहे. लाटेने भिजलेल्या, शेवाळलेल्या त्या दगडांवर कालवं चिकटून त्यांच्या कडा पात्यासारख्या झाल्या आहेत. अनवाणी पाय टाकला की टाच फाटलीच म्हणून समजा. होडी लावायची तर दोन टेकाडांमधल्या धक्क्यालाच. तहाच्या कागदावर या दगडांचं कलम नसणार.

१७१८ मध्ये, मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, मुंबईचा गव्हर्नर बून पुन्हा खांदेरी घ्यायला आला. तोफा डागून झाल्या, माणसं उतरवून पाहिली, आणि आरमार हात हलवत मुंबईला परतलं.