उपदेश सोडून हिशेबाचं पान

ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्याकडे कॉलेजांचे मनोरे डोळ्यांपुढे येतात. मी राहते तो काउलीचा भाग मात्र मोटारींच्या कारखान्याचा. विल्यम मॉरिस, म्हणजे पुढचे लॉर्ड नफील्ड, यांनी इथे मोटारी बनवायला घेतल्या आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं शेतावरची मजुरी सोडून कारखान्यात आली. त्या वस्तीसाठी १९३०च्या दशकात सेंट ल्यूक्स हे चर्च बांधलं गेलं. पुढे त्याच इमारतीत ऑक्सफर्डशायर काउंटीचा दप्तरखाना आला. कामगारांनी मागे सोडलेल्या खेड्यांचे कागद त्यांच्याच चर्चमध्ये येऊन राहिले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सवड मिळाली की मी तिथे जुनी पॅरिश मॅगझिनं वाचते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव, आणि त्या गावाचं हे छोटं मासिक. जॉन अर्स्किन क्लार्क या डर्बीच्या व्हिकरने, म्हणजे तिथल्या चर्चच्या पाद्र्याने, १८५९ साली याला चालना दिली. त्याची युक्ती सोपी होती. गोष्टी, चित्रं, घरगुती सल्ले असा मजकूर एका ठिकाणी छापायचा आणि गावोगावच्या चर्चनी त्याला आपल्या बातम्यांची दोन-चार पानं जोडायची. लहानशा गावाला स्वतःचं मासिक काढणं त्यामुळे परवडू लागलं. आतला छापील भाग सगळीकडे सारखाच, त्यामुळे तो मी भराभर उलटते. गाव सापडतं ते बाहेरच्या पानांवर.

त्या पानांवरही सुरुवात व्हिकरच्या पत्राने होते. प्रार्थनेला वेळेवर या, मुलांना रविवारच्या शाळेत पाठवा, दारू कमी करा. हे पत्र वाचून गावाबद्दल थोडंच कळतं. कळतं ते शेवटच्या हिशेबांवरून. कोल क्लबचा हिशेब घ्या. मजुरांच्या बायका वर्षभर आठवड्याला एक-दोन पेन्स भरत. त्यात जमीनदार आणि गावातले खातेपिते लोक वर्गणी घालत, आणि हिवाळ्यापूर्वी एकदम घाऊक भावात कोळसा यायचा. रेल्वे स्टेशनपासून गावापर्यंत तो एखादा शेतकरी आपल्या गाडीतून फुकट आणून टाकी, आणि त्याचे आभार पुढच्या अंकात छापून येत. कपड्यांचा क्लब, बुटांचा क्लब, पेनी बँक, सगळ्यांची रीत साधारण हीच. वर्गणीदारांच्या यादीत आधी वाड्यातली बाईसाहेब, मग व्हिकर, मग मोठे शेतकरी. गावची उतरंड त्या यादीत वरून खाली वाचता येते. पण आकडे नीट पाहिले की लक्षात येतं, क्लबचे बरेचसे पैसे त्या बायकांच्याच पेन्सांतून जमलेले असत. वरची मंडळी त्यावर भर घालत आणि आभार त्यांचे मानले जात. थंडीत घर ऊबदार राहावं म्हणून उन्हाळ्यापासून पैसे बाजूला टाकणाऱ्या या बायकांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी लिहिलेलं काही उरलेलं नाही. उरली ती ही बेरीज.

घरातून हा कारभार कसा दिसे, ते फ्लोरा थॉम्प्सनने लिहून ठेवलंय. ती याच काउंटीतल्या ज्युनिपर हिल वस्तीतली, पाथरवटाची मुलगी, जन्म १८७६चा. तिच्या ‘लार्क राइज’ या पुस्तकात एक पेटी आहे. बाळंतपण जवळ आलं की पाद्र्याच्या घरून ती बाळाच्या कपड्यांनी भरून येई, सोबत थोडा चहा-साखर. काम झालं की कपडे धुऊन पेटी परत करायची. मासिकात असल्या पेट्यांबद्दल नियम सापडतात. पेटीची वाट पाहणारी बाई मात्र थॉम्प्सनच्या पुस्तकात भेटते. त्या काळात तिथल्या शेतमजुराची मजुरी आठवड्याला दहा शिलिंग होती, हेही तिनेच सांगितलंय. दहा शिलिंगांत घर चालवून त्यातले दोन पेन्स क्लबात टाकायचे, हे आठवलं की कोल क्लबच्या हिशेबातला प्रत्येक आकडा जड वाटतो.

व्हिकरच्या लेखणीवर किती विसंबायचं, हे मी याच काउंटीतल्या ॲस्कॉट-अंडर-विचवुड या खेड्यावरून ठरवलं. जोसेफ आर्चच्या पुढाकाराने १८७२ साली शेतमजुरांची देशव्यापी संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी ॲस्कॉटच्या मजुरांनी काम थांबवलं. संपकऱ्यांच्या जागी बाहेरची दोन पोरं कामाला निघाली, तेव्हा गावच्या बायकांनी त्यांना अडवलं. सोळा जणींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. काहींच्या कडेवर तान्ही मुलं होती, ती आयांबरोबर तुरुंगात गेली. शिक्षा सुनावणारे दोन्ही मॅजिस्ट्रेट चर्चचे पाद्री होते. मासिकाची लेखणी ज्यांच्या हाती होती, त्याच वर्गातले. मजुरी, संप, गावातलं मेथडिस्ट चॅपल यांबद्दल त्या लेखणीतून फार काही येईल, अशी आशा मी धरत नाही. मासिकाशेजारी कोर्टाचे कागद आणि थॉम्प्सनसारखीचं पुस्तक असावंच लागतं.

पहिल्या महायुद्धात या पानांचा सूर बदलतो. सैन्यात गेलेल्यांची नावं, मग त्यांची पत्रं, मग त्यांतलेच काही मेल्याच्या बातम्या. मधेच जखमी सैनिकांसाठी गावातून किती अंडी गोळा झाली, त्याचा हिशेब. ती अंडी देशभरातून जमत आणि मुलं टरफलावर आपलं नाव-गाव लिहून पाठवत.

पण ज्या पानावर मी सगळ्यांत जास्त वेळ थांबले, ते १८९७चं. चर्चच्या दानपेटीच्या हिशेबात, नेहमीच्या खर्चांच्या रांगेत, ‘इंडियन फॅमिन फंड’. त्या वर्षी लंडनच्या लॉर्ड मेयरने मॅन्शन हाऊसमधून हिंदुस्थानच्या दुष्काळासाठी निधी उघडला होता, आणि खेड्यापाड्यांतल्या चर्चांमधून त्यासाठी पैसे जमत होते. माझं माहेर बार्शीचं. त्या दुष्काळाने सोलापूर, नगर, विजापूरकडची गावं उद्ध्वस्त केली होती. दहा शिलिंगांत संसार करणाऱ्या कुणीतरी आमच्याकडच्या माणसांसाठी त्या दानपेटीत पेनी टाकली असेल, या विचाराने मला भरून आलं, आणि ते दान मी मनापासून मानते.

त्या पेनीवाल्या बाईला मासिकाने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. १८९६ साली पीक बुडालेलं असताना मुंबई सरकारचे अधिकारी शेतसारा वसूल करत होते. दुष्काळाच्या सरकारी नियमांत सूट-तहकुबीची तरतूद आहे, हे टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना सांगितलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं तेच समजावत गावोगाव फिरली. १८९७ साली सरकारने त्या सभेची मान्यताच काढून घेतली. ॲस्कॉटच्या बायकांना शिक्षा होऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.