नकाराचं बटण

सातारा,
१८ जानेवारी २०२६

चि. मनू,


नव्या नोकरीत रुळलीस हे ऐकून बरं वाटलं. विमा कंपनीच्या ॲपची मांडणी तुझ्याकडे आली, म्हणजे कुठलं बटण कुठं, केवढं आणि कुठल्या रंगाचं, हे आता तू ठरवणार. परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "मावशी, प्रायव्हसीचं लोकांना काही पडलेलं नसतं. समोर येईल त्याला डोळे मिटून 'हो' म्हणतात." तुझी बस आली होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण ते वाक्य मला पटलेलं नाही. तुझ्या हातात जे काम आलंय ते पाहता तो विषय तसाच सोडून देणंही बरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सकाळी मी वाचनालयातल्या कॉम्प्युटरपाशी लोकांच्या मदतीला बसते, हे तुला माहीत आहेच. नोव्हेंबरात हयातीचे दाखले, एरवी सातबारा, लाइट बिल, परीक्षांचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं. येणारी माणसं बेफिकीर नाहीत गं. निवृत्त मास्तर फॉर्मच्या तळाची बारीक टीपसुद्धा चष्मा पुसून वाचतात. आधारचा आकडा सांगताना बायका आवाज खाली आणतात. बँकेच्या कागदावर सही करण्याआधी "हे कशासाठी?" असं विचारल्याशिवाय कुणी पेन उचलत नाही. हीच माणसं ब्राउझरसमोर बसली की पाच सेकंदांत 'ॲक्सेप्ट ऑल' दाबतात. माणूस तोच, सावधपणा तोच, मग फरक पडतो कशानं? माझं म्हणणं असं, की फरक त्या चौकटीच्या बांधणीनं पडतो.

एका गृहस्थांना गुडघ्याच्या ऑपरेशनची माहिती हवी होती. आरोग्यविषयक एक पान उघडलं आणि मजकुरावर पांढरी चौकट येऊन बसली. सगळं इंग्रजीत. खाली गडद निळं, ठसठशीत बटण: 'ॲक्सेप्ट ऑल'. शेजारी करड्या, फिकट अक्षरांत 'मॅनेज ऑप्शन्स'. नकाराचं बटण कुठंच नाही. मी ते फिकट अक्षर दाबलं. आत आणखी एक पान. त्यात 'पार्टनर्स' असं एक सदर, आणि ते उघडलं तर कंपन्यांची नावं खाली सरकवत न्यावीत तरी संपेनात. त्यांतल्या पुष्कळ नावांपुढचा खटका आम्ही हात लावायच्या आधीच चालू. एकेक बंद करत तळाशी पोचलो, तर तिथं पुन्हा दोन बटणं. गडद निळं 'ॲक्सेप्ट ऑल', आणि फिकट 'सेव्ह चॉइसेस'. डोळा साहजिकच गडदाकडे जातो, आणि तिथं बोट पडलं की केलेली सगळी खटपट वाया. गृहस्थ म्हणाले, "बाई, राहू द्या. ते निळं दाबा एकदाचं." आता मला सांग, त्या कंपनीच्या दप्तरी यांची संमती म्हणून जी नोंद झाली, ती त्यांची संमती होती का?

नोटिफिकेशनचंही असंच. पान उघडताच वरच्या कोपऱ्यात 'अलाउ' आणि 'ब्लॉक' विचारणारी चौकट येते. ती चौकट एकदाची जावी म्हणून माणूस 'अलाउ' म्हणतो. मग दिवसभर स्क्रीनच्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" अशा खोट्या सूचना उगवत राहतात आणि घाबरून कुणी त्यावर क्लिक करतो. दिलेली परवानगी परत घ्यायची तर सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, आणि तिथल्या यादीतून ते नाव शोधून काढायचं. द्यायला एक क्लिक. परत घ्यायला किती, ते तूच मोज.

याचा परिणाम काय होतो तेही सांगते. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई छातीतल्या गाठीबद्दल वाचायला आल्या होत्या. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी पान बंद केलं आणि त्या मासिकं चाळत बसल्या. त्याच खुर्चीवर त्यांच्याच गल्लीतला एक मुलगा परीक्षेचा फॉर्म भरायला बसला. मधेच त्यानं बातम्यांचं पान उघडलं, तर बाजूला कॅन्सरच्या तपासण्या आणि हॉस्पिटलं यांच्याच जाहिराती. मुलगा सरळ होता. मागं वळून त्यानं भाबडेपणानं विचारलं, "काकू, तुमच्याकडं कोणी आजारी आहे का?" त्या बाईंचा चेहरा मला अजून दिसतो. कुणी चोरी केली नव्हती, कुठला पासवर्ड फुटला नव्हता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि एका बाईचं सर्वांत खासगी दुःख अर्ध्या तासात तिच्या गल्लीपर्यंत पोचलं. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येकाला ब्राउझरची गेस्ट विंडो उघडून देतात आणि उठताना ती बंद करायला लावतात. त्यानं कॉम्प्युटरवरचा माग पुसला जातो. पलीकडे, ज्या सर्व्हरांवर नोंद झाली, तिथली नोंद त्यानं पुसली जात नाही, हेही मी प्रत्येकाला सांगते. ब्राउझरच्या 'इन्कॉग्निटो' म्हणजे खासगी विंडोबद्दल हाच गैरसमज अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये गूगलला अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं मान्य करावं लागलं.

तू याच क्षेत्रातली, हा माग ज्या कुकीनं काढला जातो, ब्राउझरमध्ये ठेवलेली ती ओळखीची छोटी नोंद म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. पण तिची सुरुवात कशी झाली ते आठवून बघ. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली या तरुण इंजिनिअरनं ती काढली. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे हे वेबला कळत नसे, त्यामुळं खरेदीची टोपली लक्षात ठेवता येत नसे. तेवढी अडचण त्यानं सोडवली, आणि चांगली सोडवली. पण पानावरची जाहिरात तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि तीही आपली कुकी ठेवते. तीच कंपनी हजार संकेतस्थळांवर जाहिराती देत असेल, तर हजार ठिकाणी तिला तोच माणूस ओळखू येतो. आपला वाणीही आपण महिन्याला काय नेतो ते जाणतो, पण तो आपल्या मागोमाग दवाखान्यात येऊन बसत नाही.

हे थांबवता येत नाही असं नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरनं २०२० मध्ये अशा तिसऱ्याच्या कुकीज पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सनं त्याच्या आदल्याच वर्षी माग काढणाऱ्या ज्ञात कुकीज आपणहून अडवायला सुरुवात केली होती. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की क्रोममधून त्या दोन वर्षांत जातील. मुदत पुढं पुढं ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडून दिला. ज्याचा ब्राउझर जगात सर्वाधिक चालतो, त्याचीच मिळकत जाहिरातींवर उभी असली की असं होतं.

एके काळी ब्राउझरमध्येच नकाराचा एक खटका आला होता. 'डू नॉट ट्रॅक', माझा माग काढू नका. तो चालू केला की प्रत्येक संकेतस्थळाला तसा निरोप जाई. बहुतेकांनी तो ऐकलाच नाही, कारण ऐकण्याची सक्ती नव्हती. त्याचे नियम ठरवायला बसलेला गट २०१९ मध्ये बंद झाला आणि २०२५ मध्ये फायरफॉक्सनं तो खटकाही काढून टाकला. लोकांनी नकार दिला नाही असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. लोकांनी नकार दिला होता, तो ऐकून घेतला गेला नाही.

आता तुझ्या वाक्याचं उत्तर. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनवर नियम केला, की दुसऱ्या कंपन्यांच्या ॲप्समध्ये आणि संकेतस्थळांवर माणसाचा माग काढायचा असेल तर आधी त्याला विचारा. विचारायची चौकट ॲपलचीच. दोन उत्तरं, एकाखाली एक, दोन्ही सारख्या आकाराची. इतक्या लोकांनी नकार दिला, की फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटाच्या वित्तप्रमुखांनी त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं. लोकांना काही पडलेलं नसतं, तर हा १० अब्जांचा फटका कुठून आला? प्रश्न सरळ विचारला, नकाराला होकाराएवढीच जागा दिली, आणि माणसांनी आपलं मन सांगितलं. तीच माणसं, तेच फोन. बदलली होती फक्त चौकट.

फ्रान्सनं हे कायद्यानं ओळखलं. तिथल्या सीएनआयएल या नियामकानं जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जाहीर केलं. माहिती फुटली म्हणून नव्हे. कुकीज स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, एवढ्याच कारणासाठी. त्यानंतर काही महिन्यांत युरोपातल्या लोकांना गूगलच्या पानावर 'रिजेक्ट ऑल' हे बटण दिसू लागलं. म्हणजे ते बनवणं अवघड कधीच नव्हतं.

आपल्याकडंही आता कायद्याचा आधार आहे. फसव्या मांडणीचे १३ प्रकार केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी दिलेत. नको म्हणणाऱ्याला लाजवणं, पुन्हा पुन्हा विचारून हैराण करणं, एक बटण उजळ करून दुसरं दडवणं, हे सगळं त्यात आहे. त्याच वर्षीचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो, की संमती मोकळी, नेमकी, समजून-उमजून दिलेली आणि बिनशर्त हवी, ती परत घेणं देण्याइतकंच सोपं हवं, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. त्यात आपली मराठी आली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीबद्दलच्या तरतुदींना कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. तुमच्या कंपनीत कुणी म्हणेल, मुदत आहे तोवर चालू द्या. तू तसं म्हणू नकोस.

आणखी एक. खासगीपणा हा तरुणांचा, शहरी लोकांचा विषय आहे असं तुझ्या पिढीत पुष्कळांना वाटतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयातून केव्हाच निवृत्त झालेले होते. २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. हा हक्क आपल्याला एका म्हाताऱ्या माणसानं मिळवून दिलाय, मनू. माझ्यासमोर येऊन बसणारी पुष्कळ माणसं म्हातारीच आहेत.

तुझे साहेब म्हणतील, नकार सोपा केला तर 'हो' म्हणणारे कमी होतील. होतीलच. पण जे कमी होतील त्यांचा 'हो' मुळात नव्हताच, तो थकून दाबलेला होता. हे त्यांना सांग, आणि हातात असेल तेवढं कर. दोन्ही बटणं एकाच आकाराची, एकाच रंगाची ठेव. कुठलाही खटका आधीपासून चालू ठेवू नकोस. हप्ता भरायला आलेल्या माणसाकडं त्याच्या फोनमधली नावं आणि फोटो मागू नकोस. मराठी मजकूर इंग्रजीवरून वाक्यानुवाक्य भाषांतर करून आणू नकोस, आधी तो एखाद्या घरकाम करणाऱ्या बाईला वाचून दाखव आणि तिला काय कळलं ते विचार. परवानगी जिथं घेतली, तिथंच ती परत करण्याचं बटण दे.

या पाच गोष्टींना मोठं बजेट लागत नाही. कुणाची परवानगी लागत असेल तर आधी मागून बघ. नाही म्हणाले तर तेही मला कळव, कारण ते कोणत्या शब्दांत नाही म्हणतात हे मला जाणून घ्यायचंय. पण विचारल्याशिवाय राहू नकोस. ज्याच्या हातात बटण आहे त्यानं, नकार लपवून मिळवलेल्या होकाराला संमती म्हणू नये.

ताईला माझा नमस्कार सांग. होळीला ये.

तुझी,
मावशी