मीटरचा लाल ठिपका

गणेशगुडीत राहणाऱ्याने विजेच्या बिलाबद्दल कुरकुर करावी, हे ऐकणाऱ्याला जरा चमत्कारिकच वाटते. हाकेच्या अंतरावर सुपा धरण आहे, १०१ मीटर उंचीचे. त्याच्या पायथ्याशी ५० मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. तेच पाणी पुढे काळी नदीने बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात आणि तिथून बोगद्यातून नागझरीच्या वीजघरात जाते. पण वीज ज्याच्या दारातून जाते त्याला ती फुकट मिळत नाही. ती मीटरमधूनच येते, आणि बिल कन्नडमध्ये असले तरी त्यातला आकडा कोणालाही वाचता येतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथे सहा खोल्यांचे पाहुणेघर काढले. काळीवर राफ्टिंगला येणारी मंडळी उतरतात. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात. म्हणूनच जूनचे बिल पाहून मी चमकलो. जुलैचेही तसेच आले. एकही पाहुणा नसताना दर महिन्याला पावणेदोनशे युनिट जास्त!

राखणीला एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. त्यांचे मूळ घर जुन्या सुपा गावात. धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड रामनगरला गेले. मामांच्या खोलीत मी एकदा कॉइलची शेगडी पाहिली होती. ऑगस्टचे बिल हातात घेऊनच मी त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"मामा, रात्रभर शेगडी पेटवून झोपता काय तुम्ही?"

ते काही बोलले नाहीत. मी त्या महिन्याचा पगार अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच्या बसने निघून गेले.

मामा गेले, पण सप्टेंबरचे बिल काही उतरले नाही.

मग बेळगावहून एक छोटा डिजिटल मीटर आणला. त्याला एक उघडणारे कडे असते. वायर न तोडता ते तिच्याभोवती बसवायचे, म्हणजे पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट दिसू लागतात. जुन्या मीटरची ॲल्युमिनियमची चकती फिरताना बघत बसायचे दिवस गेले. आता खांबावरून येणाऱ्या मुख्य मीटरवरही एक लाल ठिपका लुकलुकतो. त्याखाली '३२००' असा आकडा छापलेला आहे. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. इतकी वर्षे तो आकडा मी पाहत होतो. त्याचा अर्थ विचारायची बुद्धी मात्र कधी झाली नाही. मुलांना गणित शिकवण्यात हयात गेली, हे इथे सांगायला लाज वाटते.

रात्री सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद करून कंदील घेऊन मीटरपुढे बसलो. ठिपका शांत होता. मिनिट, दोन मिनिटे. आणि एकाएकी तो सेकंदाला जवळजवळ एकदा लुकलुकू लागला! मिनिटभराने पुन्हा शांत. घरातले एकेक सर्किट कड्यात घालून पाहिले. पाण्याच्या पंपाच्या वायरीवर पडद्याने ९८० वॅट दाखवले, मग शून्य, तीनएक मिनिटांनी पुन्हा ९८०.

नळातला दाब उतरला की आपोआप सुरू होणारा पंप तो. जमिनीखालचा पाइप फुटला होता. मागच्या परसात पाणी झिरपत होते, पण जोयड्याच्या पावसात ओली जमीन कोणाच्या लक्षात येते? पत्र्यावरच्या सरींत पंपाचा आवाजही बुडून जाई. मिनिटभर चालायचा, तीन मिनिटे थांबायचा, असा दिवसाला सहा युनिट खात होता. जून ते ऑगस्ट मिळून सव्वापाचशे. खालची दोन्ही जनित्रे पुऱ्या ताकदीने चालली तर एवढी वीज एकोणीस सेकंदांत होते. हा हिशेब मी त्याच रात्री केला, आणि झोप लागली नाही.

पाइप बदलला आणि रामनगरला गेलो. मामा अंगणात सुपारी सोलत होते. मी सगळे सांगितले. पंप, पाइप, ९८० वॅट. त्यांनी ऐकून घेतले.

"शेगडी लावत होतो मास्तर," ते म्हणाले. "पहाटे, चहापुरती. दहा मिनिटं."

मला विचारले नसते तरी मनात हिशेब झालाच. हजार वॅटची शेगडी, रोज दहा मिनिटे. महिन्याला पाच युनिट. मी तो आकडा बोलूनही गेलो. सवय.

मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मग पाच युनिटांचे कापून घ्या," ते म्हणाले, "आणि बाकीचा पगार द्या."

पाकीट खिशातच होते. मी पुरा पगार पुढे केला. त्यांनी नोटा मोजल्या, त्यातली एक दहाची काढून माझ्या हातावर ठेवली आणि चहा टाकायला आत सांगितले.