कोऱ्या जागेचे शेजार

साहित्याच्या वाचकांना मौनाचे आकर्षण असते. कवितेतील मोकळी जागा, नाटकातील स्तब्धता, कथेने न सांगितलेली गोष्ट यांतून आम्ही अर्थ काढतो आणि तो हेतुपुरस्सर ठेवलेला आहे असे बहुधा गृहीत धरतो. हे गृहीत किती तपासून घ्यावे लागते, याचा एक धडा आम्हांला निवडणुकीच्या आकडेवारीत सापडतो.

अमेरिकेत मतदार एकाच मतपत्रिकेवर अनेक पदांसाठी मत देतो. त्यामुळे एखाद्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, निरनिराळ्या लढतींत किती मते पडली हे शेजारी शेजारी मांडून पाहता येते. नोव्हेंबर २००६ मध्ये फ्लॉरिडातील सॅरासोटा काउंटीचे आकडे असे मांडले गेले, तेव्हा मध्येच एक खड्डा दिसला. सिनेट आणि गव्हर्नर या लढतींत कोऱ्या राहिलेल्या मतपत्रिका एक-दीड टक्का होत्या. प्रतिनिधिगृहाच्या १३व्या मतदारसंघाच्या लढतीत मात्र सुमारे १८,००० मतदारांचे मत नोंदलेच गेले नव्हते. व्हर्न ब्युकॅनन हे क्रिस्टीन जेनिंग्ज यांच्याविरुद्ध अवघ्या ३६९ मतांनी विजयी ठरले, आणि सॅरासोटात आघाडी होती ती जेनिंग्ज यांची.

या कोरेपणाचे भाष्यकार लगेच पुढे आले. गलिच्छ प्रचाराला विटून मतदारांनी मुद्दामच मत दिले नाही, असे एक म्हणाले. यंत्रांनी मते गिळली, असे दुसरे. पहिले भाष्य वाङ्मयीन दृष्टीने मोहक आहे, कारण त्यात मौनाला निषेधाचे तेज येते. पण हाच प्रचार सोसून टपालाने कागदी मतपत्रिका पाठवणाऱ्यांत ही लढत कोरी सोडणारे अडीच टक्क्यांच्या आसपासच होते. टचस्क्रीन यंत्रावर मात्र ते प्रमाण जवळजवळ १५ टक्के होते. यंत्रांची तपासणी झाली, तीत बिघाडाचा पुरावा मिळाला नाही.

मग उरले ते पान. प्रतिनिधिगृहाची दोनच नावांची लढत दुसऱ्या पडद्याच्या माथ्यावर होती. तिच्याखाली ठळक रंगीत शीर्षक आणि गव्हर्नरपदाच्या उमेदवारांची लांब यादी. नजर थेट शीर्षकावर जात असावी. शेजारच्या शार्लट काउंटीत गव्हर्नरच्या पडद्यावर अ‍ॅटर्नी जनरलची लढत होती. तेथे तीच सुमारे पंचमांश मतदारांकडून कोरी राहिली. सॅरासोटात त्या लढतीत असा खड्डा नव्हता. मायकेल हेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोष या मांडणीकडेच दाखवला आहे.

एकटा आकडा वाचला असता तर निषेध ऐकू आला असता. शेजारचे आकडे ठेवल्यावर चुकलेली नजर दिसते. तरीही तुलनेची मर्यादा कठोर आहे. समूहाचे काय हरवले हे ती सांगते. त्यांतील एकाही मतदाराचे मत परत आणू शकत नाही. काहींनी खरोखरच मुद्दाम मौन पाळले असेल, आणि त्यांना इतरांपासून वेगळे काढण्याचा मार्ग नाही. जेनिंग्ज यांची तक्रार प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये निकालात काढली. सॅरासोटाच्या मतदारांनी मात्र त्याच नोव्हेंबरच्या मतदानात, याच यंत्रांवर, कागदी मतपत्रिकेच्या बाजूने कौल दिला होता. तो प्रश्न त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.